मुलाच्या स्पीच थेरपीचे १३ महिने: दोन थेरपिस्टचा अनुभव, थोडा सविस्तर

लेक आता ३ वर्षं ४ महिन्यांचा आहे, थेरपी सुरू केली तेव्हा २ वर्षं ३ महिन्यांचा होता आणि मोजून आठ शब्द बोलायचा, त्यातले तीन तर फक्त आम्हालाच कळायचे. पहिल्या थेरपिस्टकडे चार महिने गेलो, दुसऱ्यांकडे नऊ महिने झाले, अजून चालू आहे. सेशनला मीच घेऊन जातो कारण माझी शिफ्ट दुपारची असते, त्यामुळे हे सगळं स्वतः बघितलेलं लिहितोय. जे आत्ता थेरपिस्ट शोधतायत त्यांना कदाचित उपयोग होईल, आम्हाला तेव्हा असं कोणी सांगितलं असतं तर ते पहिले चार महिने वाचले असते.

आधी हे सांगतो की आम्ही उशीर का केला. दीड वर्षाचा असताना घरात सगळे म्हणायचे मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबा पण तीन वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता, म्हणजे मी. आईनं हे इतक्या वेळा सांगितलं की मला पण ते पटलं. पण साधारण १ वर्षाच्या आसपास पहिले शब्द यायला पाहिजेत आणि दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि दोन दोन शब्द जोडून बोलणं, हे मला नंतर कळलं. उशिरा बोलणारी बरीच मुलं आपली आपण रुळावर येतात हे खरं आहे, पण कुठलं मूल येणार आणि कुठलं नाही हे घरी बसून कोणालाच सांगता येत नाही, म्हणून दाखवून घ्यायचं. आणि येत असलेले शब्द जर जायला लागले तर मग एक दिवस पण थांबू नका.

पहिल्या मॅडम. क्लिनिक छान, खेळणी भरपूर, बोलायला गोड. पहिल्या भेटीत वीस मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या तीन महिन्यांत बोलायला लागेल, काळजी करू नका. आम्हाला इतकं हायसं वाटलं की काही विचारलंच नाही. मग आठवड्यातून दोनदा सेशन, मी बाहेर बाकावर, दार बंद, पाऊण तासानं दार उघडायचं, "आज छान बसला हं" आणि पुढचा नंबर आत. आत काय चालायचं ते मला लेकाच्या वस्तूंवरून कळायचं, शिट्टी, स्ट्रॉ, फुंकायची मेणबत्ती. घरी करायला पण तेच दिलं, शिट्टी वाजवा, गाल फुगवा, जिभेला मसाज करा. आम्ही रोज इमानदारीत केलं. दोन महिन्यांनी लेक शिट्टी उत्तम वाजवत होता आणि शब्द आठचे नऊ झाले होते. नंतर वाचलं, विचारलं, तेव्हा कळलं की फुंकण्याच्या व्यायामानं बोलणं सुधारतं याला नीट पुरावाच नाहीये, बोलायला शिकायचं तर बोलण्याचाच सराव लागतो.

घरात भाषा एकच ठेवा असं पण त्यांनी सांगितलं होतं. बायकोची भाषा वेगळी आहे, ती लेकाशी तिच्या भाषेत बोलते, मी मराठीत. तर चार महिने ती बिचारी आपल्याच पोराशी मोडक्या मराठीत बोलत होती, आणि खरं सांगायचं तर बोलणंच कमी झालं तिचं, अंगाई म्हणायची बंद झाली. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. दोन भाषांमुळे मूल बोलायचं थांबत नाही, आणि शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात. दुसऱ्या मॅडमनी हे सांगितलं तेव्हा बायको तिथेच रडायला लागली.

चौथ्या महिन्यात मी विचारलं की आता नक्की कशावर काम चाललंय आणि कुठपर्यंत आलोय, तर उत्तर आलं, "धीर धरा, प्रत्येक मूल वेगळं असतं." लिहिलेलं काहीच नव्हतं. त्याच आठवड्यात दुसरीकडे नाव नोंदवलं.

दुसऱ्या मॅडमनी फोनवरच पहिला प्रश्न विचारला, कानाची टेस्ट झालीये का. मी म्हटलं जन्मल्यावर झाली होती ना, पास झाला होता. तर त्या म्हणाल्या ती त्या दिवसाची झाली, आज काय आहे ते बघायला लागेल, आधी टेस्ट करा मग या. मला जरा राग आला होता खरं तर, कारण आम्हाला वाटायचं याला सगळं ऐकू येतं, चॉकलेटचा कागद वाजला तरी धावत येतो. केली टेस्ट. दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी. टिंपॅनोमेट्री म्हणून एक टेस्ट असते, कानात बारीक बोंड ठेवून हवेचा दाब बदलतात, निरोगी कानाचा ग्राफ डोंगरासारखा वर येतो, याचा सपाट होता. सर्दी वारंवार व्हायची त्याची, त्यातून हे होतं, दुखत नाही, ताप नाही, त्यामुळे कळतच नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी समजावलं की याला आवाज येतो पण पाण्यात कान बुडवून ऐकल्यासारखा, स, फ, त अशी हलकी अक्षरं तर निसटूनच जातात. तीन महिने वाट बघू म्हणाले, बऱ्याच मुलांचं आपोआप निघून जातं, नाहीतर पडद्यात बारीक नळी बसवायची. आमच्याकडे एक कान दोन महिन्यांत साफ झाला, दुसऱ्याला जवळजवळ चार लागले, नळी लागली नाही.

म्हणजे चार महिने आम्ही एका अर्धवट ऐकू येणाऱ्या मुलाला शिट्टी वाजवायला लावत होतो आणि कोणी कान तपासा म्हणालं नाही. थेरपिस्ट निवडताना मी आता एकच गोष्ट आधी बघेन, की हा माणूस सुरुवातीला कान तपासायला सांगतो की नाही. न सांगता थेट सेशनची तारीख देत असेल तर पुढे जाऊ नका.

मग पहिली भेट. दीड तास जमिनीवर. आम्ही दोघं आत, दार बंद पण आम्ही आतल्या बाजूला. सगळे आईबाप म्हणतात तेच मी म्हटलं, "याला सगळं समजतं, फक्त बोलत नाही." त्यांनी मला सांगितलं की हात मागे बांधा, वस्तूकडे बघू नका आणि फक्त तोंडानं सांगा, "चप्पल आण." लेक माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मग "बॉल कुठंय", तरी तसाच. घरी तो चप्पल आणायचा कारण आम्ही सांगताना दाराकडे बघायचो, हात करायचो, बाहेर जायची वेळ असायची. पाच मिनिटांत मला कळलं की समजण्यातही तो मागे आहे, आणि बोलण्याच्या आधी समजणं लागतं. हाक मारल्यावर बघतो का, बोट दाखवून आपल्याला काही दाखवतो का, हे पण नीट तपासलं. ते तो करत होता, नाहीतर मुलांची वाढ आणि विकास बघणाऱ्या डॉक्टरांकडे पण पाठवणार होत्या. जीभ चिकटलेली आहे का असं आत्यानं विचारायला सांगितलं होतं, ते विचारलं. तोंड बघितलं आणि म्हणाल्या जिभेखालच्या पडद्यामुळे शब्द उशिरा येत नाहीत, ते ऑपरेशन डोक्यातून काढून टाका.

मग त्यांनी मला लेकाशी दहा मिनिटं खेळायला सांगितलं आणि माझ्याच फोनवर व्हिडिओ काढला. नंतर आम्ही तिघांनी बसून बघितला. दहा मिनिटांत मी ३७ प्रश्न विचारले होते. हे काय आहे, हा कोण, कोणता रंग, गाडी कशी करते, सांग ना, बोल ना. आणि प्रत्येक प्रश्नानंतर एक सेकंद पण न थांबता पुढचा. लेकानं दोनदा तोंड उघडलं होतं काहीतरी म्हणायला, दोन्ही वेळा मी मध्ये बोललो. तो व्हिडिओ मी अजून ठेवलाय.

तिथून खरं काम सुरू झालं आणि ते लेकापेक्षा आमच्यावर जास्त होतं. प्रश्न बंद, जे तो बघतोय त्यावर आपण छोटं वाक्य बोलायचं आणि मग मनात दहापर्यंत मोजायचं. दहापर्यंत मोजणं किती अवघड आहे ते करून बघा. साबणाचे फुगे एकदाच उडवायचे, झाकण लावायचं, हातात धरून बसायचं, काही बोलायचं नाही. तिसऱ्या दिवशी लेकानं बाटलीवर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "जून." अजून म्हणायचं होतं. मी "अजून! अजून फुगे!" म्हणून फुगे उडवले आणि त्यानं त्या दिवशी सोळा वेळा जून म्हटलं. असं आईबापांनाच शिकवायचं काम कॅनडातलं हॅनेन सेंटर १९७५ पासून करतंय म्हणे, त्यांची पद्धत मॅडम वापरतात.

दुसरी गोष्ट, त्यांनी शब्दांची यादी करायला लावली आणि म्हणाल्या हे सगळं नावं आहेत, गाडी, बॉल, बाबा, भू भू. क्रियापद एक पण नाही, मग दोन शब्द जोडणार कशाला कशाला? म्हणून पड, दे, उघड, गेली, संपलं यावर महिनाभर. आणि आपण "गाडी जा" असं तोडकं बोलायचं नाही, छोटं पण बरोबर बोलायचं, "गाडी गेली", "बॉल गेला". तो "बाबा गेली" म्हणाला तर चुकलं म्हणायचं नाही, त्याच्याकडून परत म्हणवून घ्यायचं नाही, आपण नुसतं "हो, बाबा गेला" म्हणायचं. गेला गेली गेलं त्याचं आता बऱ्यापैकी बसलंय, कोणी शिकवलं नाही, ऐकून ऐकून बसलं.

ध्येयं लिहून देतात हे मला फार आवडलं. "सहा आठवड्यांत, खेळताना, न विचारता, दहा वेगवेगळी क्रियापदं." सहा आठवड्यांनी मोजलं, सात झाली होती, मग का कमी पडली त्यावर बोललो. कधी बोलेल असं विचारलं तर तारीख देत नाहीत. सुरुवातीला ते खटकायचं, पण पहिल्यांदा तारीख मिळाली होती त्याचं काय झालं ते बघितलंच आहे. मधे दीड महिना चित्रं आणि हाताच्या खुणा पण वापरल्या, घरच्यांना भीती की याला खुणांची सवय लागेल आणि बोलणारच नाही, तसं होत नाही, शब्द आले तशा खुणा आपोआप गळून गेल्या.

सहाव्या महिन्यात वाक्यं यायला लागली आणि लगेच "मी मी मी मी पण" असं अडखळणं सुरू झालं. आम्ही घाबरलो. मॅडमनी विचारलं, बोलताना चेहरा ताणला जातो का, डोळे मिटतो का, घरात कोणी अडखळतं का, आणि म्हणाल्या या वयात भाषा जोरात वाढताना बऱ्याच मुलांचं होतं, हळू बोल म्हणू नका, वाक्य पुरं करून देऊ नका, लिहून ठेवा. दोन महिन्यांत कमी झालं. पण त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं की वाढलं तर तोतरेपणावर काम करणाऱ्या दुसऱ्या थेरपिस्टकडे पाठवेन, माझा अनुभव त्यात कमी आहे. मला तर तिथे विश्वास अजून वाढला. उशिरा बोलणं, उच्चार, अडखळणं ही तीन वेगळी कामं आहेत, त्यामुळे डिग्री आणि नोंदणी बघाच पण आपल्या मुलाला जे आहे त्या प्रकारची किती मुलं बघितलीत हे सरळ विचारा, चांगला माणूस रागावत नाही.

उच्चाराचं उदाहरण सांगतो. लेक अजून काकाला ताता म्हणतो, गाडीला दादी. त्यावर मॅडम अजून हात लावत नाहीयेत, साडेतीन चारपर्यंत हे बऱ्याच मुलांचं सुटतं म्हणतात, र तर त्याहून उशिरा येतो. पण तिथेच येणारी एक पाच वर्षांची मुलगी आहे, तिचं तेच राहिलंय, तर तिच्यासाठी गार-दार, काप-ताप अशा जोड्यांची चित्रं काढलीयेत. मुलगी म्हणते "दार पाणी" तर मॅडम दाराचं चित्र उचलतात, आणि मग ती पोरगी स्वतःच विचारात पडते. शिट्टी आणि हे यातला फरक बघा.

तक्रारी पण आहेत. नंबर लवकर लागत नाही. सेशन रद्द झालं की पुढचं लवकर मिळत नाही, मेसेजला उत्तर दोन दिवसांनी. रिपोर्ट एकदा तीन आठवडे उशिरा आला आणि इतका अवघड भाषेत की परत समजून घ्यायला लागला. आणि घरचं काम केलं नाही तर त्यांना लगेच कळतं, तोंडावर सांगतात, थकून आलेल्या माणसाला ते कधी कधी टोचतं. रोज पंधरा वीस मिनिटं तरी द्यायला लागतात, आंघोळीत, कपडे घालताना, वेगळं बसायची गरज नाही. ज्यांना मूल सोडून बाहेर बसायचंय त्यांना त्या आवडणार नाहीत. ऑनलाइन सेशन पण चार पाच केली, त्यात लेक स्क्रीनसमोर बसत नाही पण मी त्याच्याशी खेळतो आणि त्या कानात सांगत असतात, ते चांगलं चालतं.

आत्ता शब्द मोजणं आम्ही सोडून दिलंय, तीन चार शब्दांची वाक्यं बोलतो, बायकोशी तिच्या भाषेत आणि माझ्याशी मराठीत, अंगाई परत चालू आहे. सेशन आता पंधरा दिवसांतून एकदाच. या वेळचं ध्येय आहे घडलेली गोष्ट ओळीनं सांगणं, बागेत काय झालं ते, ते अजून जमत नाहीये, सगळं शेवटापासून सांगतो. आणि गेले तीन आठवडे परत सर्दी आहे म्हणून पुढच्या महिन्यात कानाची टेस्ट पुन्हा ठरलीये, ती आठवण पण मॅडमनीच केली.