डब्ल्यूपीएफमध्ये स्कियाशार्प: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्रांच्या कंपनांचे आलेख सेन्सरवरून थेट येतात आणि स्क्रीनवर सतत सरकत असतात. आधी हे सगळं डब्ल्यूपीएफच्या (विंडोजवरच्या प्रोग्रॅमच्या खिडक्या बनवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनाच्या) पॉलीलाइनवर, म्हणजे बिंदू जोडत जाणाऱ्या रेषेवर चालायचं. थोड्या बिंदूंना ठीक, पुढे मात्र खिडकी अडखळायची. डब्ल्यूपीएफ प्रत्येक आकृती वस्तू म्हणून सांभाळतं. तिचा लेआउट, तिच्यावरचे माउसचे क्लिक, सगळं. बटणांना ते हवंच, क्षणोक्षणी बदलणाऱ्या रेषेला ते ओझं होतं. म्हणून स्कियाशार्प घेतलं. स्किया हे क्रोममधलं ग्राफिक्स इंजिन, गूगलने २००५ मध्ये विकत घेतलेलं. स्कियाशार्पमुळे ते डॉट नेटमधून, म्हणजे डब्ल्यूपीएफ ज्यावर चालतं त्या मायक्रोसॉफ्टच्या मंचावरून वापरता येतं. परवाना एमआयटी, म्हणजे पैशांचा प्रश्न नाही.

वेग वाढला, पण नुसतं इंजिन बदलून नव्हे. स्कियाशार्पचं साधं एसकेएलिमेंट (खिडकीत चित्र दाखवणारा घटक) प्रोसेसरवरच चित्र काढतं आणि दर वेळी अख्खा बिटमॅप, म्हणजे पिक्सेलांचं तयार चित्र डब्ल्यूपीएफच्या हवाली करतं. ४के स्क्रीनभर तो सुमारे ३३ एमबीचा होतो, आणि ६० हर्ट्झला एका फ्रेमसाठी मिळतात जेमतेम १६ मिलिसेकंद. खरा फरक पडला तो बिंदू गाळल्यावर. आलेख १,५०० पिक्सेल रुंद असेल तर त्यात लाखभर बिंदू दिसणार कुणाला? पिक्सेलच्या प्रत्येक उभ्या पट्टीतला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घ्यायचा, त्यांच्यामध्ये एक रेघ ओढायची, झालं. सरासरी घेऊ नका. कंपनाचा टोकदार झटका तिच्यात विरून जातो, आणि ग्राहकाला नेमका तोच बघायचा असतो. ही युक्ती पॉलीलाइनलाही लागू पडते. तेवढ्यावर भागत असेल तर स्कियाशार्पच्या वाटेला जायचं कारण नाही.

मागची जाळी आणि अक्ष एकदाच काढून एसकेइमेजमध्ये (तयार चित्र साठवणाऱ्या वस्तूत) ठेवले, रेषेचा रंग आणि जाडी सांगणारा एसकेपेंट दर फ्रेमला नवा करणं बंद केलं. या वस्तूंची मेमरी डॉट नेटच्या बाहेर असते, त्यामुळे डिस्पोज (मेमरी मोकळी करायची आज्ञा) विसरलात तर ती गुपचूप फुगत जाते.

सर्वांत जास्त डोकं खाल्लं ते मराठी अक्षरांनी. अक्षरं काढायची स्कियाशार्पची नेहमीची आज्ञा, ड्रॉटेक्स्ट, जोडाक्षरं जुळवत नाही. ‘स्थिती’ लिहिलं तर पाय मोडलेला स, भलतीकडे गेलेली वेलांटी. अक्षरं नीट जुळवणाऱ्या हार्फबझचं वेगळं पॅकेज घेऊन ड्रॉशेप्डटेक्स्ट वापरावं लागतं, आणि देवनागरी असलेला फॉन्ट आपणच निवडून द्यावा लागतो, नाहीतर नुसते चौकोन. दुसरी कटकट स्केलिंगची. विंडोज १५० टक्क्यांवर असेल तर स्कियाशार्पचा कॅनव्हास (चित्र काढायचा पृष्ठभाग) खऱ्या पिक्सेलांत मोजतो आणि माउसचे आकडे डब्ल्यूपीएफच्या एककांत येतात; गुणाकार करायचा राहिला की क्लिक एकीकडे, बिंदू दुसरीकडे.

काम ग्राफिक्स कार्डवर टाकायला एसकेजीएलएलिमेंट आहे. आमचे बरेच ग्राहक रिमोट डेस्कटॉपवरून आलेख बघतात, तिथे कार्ड हाताशी असेलच याचा भरवसा नाही, म्हणून सध्या प्रोसेसरवरच आहोत.