वॅकी रिगने लार्जमाउथ बास: मार्च ते नोव्हेंबर वापरून आलेला अनुभव

डॅलसच्या उत्तरेला राहतो, घराजवळ छोटी तळी भरपूर आहेत आणि थोडं लांब गेलं की लुईसव्हिल, ग्रेपव्हाइन, रे रॉबर्ट्स असे मोठे लेक. बोट नाही, त्यामुळे सगळी मासेमारी काठावरून नाहीतर धक्क्यावरून. यंदाच्या सीझनला लार्जमाउथ बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) पकडायला मी मुख्यतः एकच गोष्ट वापरली, ५ इंची सॉफ्ट प्लॅस्टिकचं वर्म (गांडुळासारखं नकली आमिष) आणि वॅकी रिग, म्हणजे वर्मच्या मधोमध गळ अडकवायची पद्धत, आणि नव्या माणसाने सुरुवातीला दुसरं काही घेऊच नये असं माझं ठाम मत झालंय. दुकानात भिंतभर रंगीत ल्युअर (नकली आमिषं) टांगलेले असतात ते बघून माणूस गोंधळतो आणि शे-दीडशे डॉलर तिथेच उडवून येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

हे वर्म म्हणजे दिसायला नुसती सळई. शेपूट नाही, पाय नाहीत, काही नाही. गॅरी यामामोटो यांच्या सेन्कोमुळे हा आकार गाजला, आता बऱ्याच कंपन्या बनवतात, मी दोन-तीन ब्रँडची वापरली. प्लॅस्टिकमध्ये मीठ कालवलेलं असतं म्हणून वजन न लावताही ते बुडतं, आणि बरोब्बर मधोमध गळ अडकवला की खाली जाताना दोन्ही टोकं थरथरत राहतात. मासा त्या थरथरीला भुलतो.

कृती सोपी आहे. वर्मच्या मध्यावर छोटी रबरी रिंग चढवायची, त्या रिंगखालून १/० किंवा २/० मापाचा गळ घालायचा, झालं. लाईनला गळ बांधताना पालोमार नावाची गाठ मारा, आवळण्याआधी थुंकीने ओली करा नाहीतर लाईन घासून कमकुवत होते. मग टाकायचं आणि काहीही करायचं नाही! हे लोकांना सगळ्यात जड जातं. आपल्याकडे पिठाची गोळी लावून नदीवर बसलेल्या माणसाला थांबायची सवय असते, पण हातात रील आली की सतत फिरवावंसं वाटतं. फिरवू नका. लाईन किंचित ढिली सोडा आणि वर्म आपल्या चालीने तळाला जाऊ द्या, तळाला टेकलं की रॉडचं टोक हळूच एक-दोन फूट उचला, परत बुडू द्या, असं तीन-चारदा करून गुंडाळा आणि पाच फूट बाजूला टाका.

आता महत्त्वाचं. बहुतेक वेळा मासा वर्म खाली जातानाच घेतो आणि हाताला काहीच कळत नाही, डोळ्याला कळतं. पाण्यावर पडलेली लाईन जिथे आत शिरते तिथे नजर ठेवायची. कधी ती एकदम टुणकन उडते, कधी आपोआप बाजूला चालायला लागते, आणि कधी जिथे अजून चार फूट खोली आहे तिथे मध्येच बुडायची थांबते. तिन्हींचा अर्थ एकच, वर्म माशाच्या तोंडात आहे. अशा वेळी ढील पटकन गुंडाळून रॉड एका बाजूला ताणत न्यायचा, झटका नको, गळ बारीक आहे, तो जबड्याच्या कोपऱ्यात आपसूक बसतो. उशीर केला तर मासा गळ गिळतो आणि मग काढताना त्याचे हाल होतात, म्हणून लाईनवरून नजर हटवू नका, फोन खिशात ठेवा.

कुठे टाकायचं? बास दबा धरून बसणारा मासा आहे, उघड्या पाण्यात टाकून उपयोग कमी. पडलेलं झाड, धक्क्याखालची सावली, कमळाच्या पानांची कडा, पाण्याखालच्या गवताला जिथे खंड पडतो ती जागा. तळ्यावर गेल्यावर आधी काठाला समांतर टाका, कारण बरेच मासे तुमच्या पायापासून दहा-पंधरा फुटांवरच असतात आणि लोक लांब टाकायच्या नादात त्यांच्यावरूनच लाईन नेतात. पाणी स्वच्छ असेल तर ग्रीन पंपकिन नाहीतर वॉटरमेलन, गढूळ असेल तर काळा-निळा. यापलीकडे रंगांवर डोकं चालवू नका.

वसंतात पाणी साधारण ६० फॅरनहाइटच्या वर गेलं की बास अंडी घालायला काठाजवळ येतात, अंड्यांवर नर राखण करतो, त्या दिवसांत या रिगला तोड नाही. उन्हाळ्यात इथे शंभरी पार होते, तेव्हा पहाटे उजाडताना किंवा सूर्य मावळताना जा, दुपारी जायचंच असेल तर फक्त गडद सावली बघा. ऑक्टोबरमध्ये मात्र बास शॅड नावाच्या छोट्या माशांच्या थव्यामागे पळत असतात आणि तेव्हा हे वर्म फार संथ पडतं, तिथे स्पिनरबेट (फिरत्या चकचकीत पात्यांचा ल्युअर) बरं.

कमतरता आहेतच. एक म्हणजे वर्म टिकत नाही. मऊ असल्यामुळे एक-दोन माशांत फाटतं, रिंग लावली तर जरा जास्त चालतं, १० चं पाकीट साधारण ७-८ डॉलरला पडतं म्हणजे खर्च चालूच राहतो. फाटलेली वर्म पाण्यात फेकू नका हो प्लीज, मासे ती गिळतात आणि ती पोटात साठतात, खिशात एक पिशवी ठेवा. दुसरं वारा. वारा सुटला की लाईनचं धनुष्य होतं आणि काही कळत नाही, अशा वेळी तेच वर्म टेक्सस रिगवर लावायचं, म्हणजे पुढे छोटं बुलेट वजन, ३/० चा ऑफसेट (डोळ्याजवळ वाकवलेला) गळ आणि त्याचं टोक वर्मच्या अंगात लपवलेलं. हे दाट गवतातही अडकत नाही. वॅकीचा उघडा गळ गवतात फार अडकतो.

मासा हाताळण्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. हात ओले करा, अंगठ्याने खालचा ओठ धरा आणि मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या, नुसत्या जबड्यावर आडवा तोलू नका. फोटो पटकन काढा आणि सोडा. नियमाने राज्यात बहुतेक ठिकाणी १४ इंचांवरचे दिवसाला ५ ठेवता येतात, पण काही लेकचे नियम वेगळे आहेत, उदाहरणार्थ लेक फोर्कला १६ ते २४ इंचांमधला बास सोडावाच लागतो. टेक्ससचा विक्रमी १८.१८ पौंडांचा बास १९९२ मध्ये याच लेकमधून निघाला. त्याआधी १९८६ मध्ये तिथेच सापडलेली १७.६७ पौंडांची ईथेल नावाची मादी पुढे मिसुरीत स्प्रिंगफिल्डच्या बास प्रो शॉप्स या मासेमारीच्या दुकानातल्या टाकीत अनेक वर्षं जगली. नीट हाताळला तर मासा जगतो हो, आणि हे मोठाले बास बहुतेक माद्याच असतात, म्हणून मी एकही घरी आणत नाही. घरचे पापलेट-सुरमई इंडियन दुकानातून आणतात, त्यांचं काही अडत नाही.

सामान काय लागतं तर ७ फुटी मीडियम स्पिनिंग रॉड, २५०० साईजची रील, १० पौंडी ब्रेड (विणलेली लाईन) आणि पुढे गळाकडच्या टोकाला ८-१० पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे पाण्यात सहज न दिसणाऱ्या लाईनचा तुकडा. ब्रेड पिवळी किंवा हिरवीगार घ्या म्हणजे हालचाल लांबून दिसते. ५०-६० डॉलरचा रॉड-रीलचा कॉम्बो सुरुवातीला पुरतो. वय १७ किंवा जास्त असेल तर लायसन्स काढूनच जा, आणि नुसतं करून बघायचं असेल तर जूनचा पहिला शनिवार गाठा, त्या दिवशी टेक्ससमध्ये लायसन्स लागत नाही.