सातमाळेतील एक दिवस आणि अनेक माथे : तीन पर्यायांची तुलना

नाशिक जिल्ह्यात एका दिवसाच्या डोंगरभटकंतीचा विषय निघाला की बहुतेकांच्या तोंडी हरिहर किंवा जिल्ह्याच्या सीमेवरील कळसूबाईचे नाव येते आणि सुट्टीच्या दिवशी त्या वाटांवर रांगा लागतात. त्याच जिल्ह्यात हातगडापासून चांदवडपर्यंत पूर्व-पश्चिम पसरलेली सातमाळा रांग मात्र धोडप आणि सप्तशृंगी वगळता बऱ्यापैकी मोकळी राहते. या रांगेच्या दक्षिणेकडील पाणी गोदावरीला मिळते आणि उत्तरेकडील पाणी गिरणेमार्गे तापीला. माथ्यांची उंची साधारणपणे १२०० ते १४०० मीटरच्या दरम्यान असल्याने १६४६ मीटरच्या कळसूबाईपुढे हे आकडे लहान वाटतात, आणि त्यामुळेच या डोंगरांकडे दुर्लक्ष होत असावे. एका दिवसात दोन-तीन माथे जोडायचे असतील तर अचला–अहिवंत–मोहनदर, मार्कंड्या–रवळ्या–जवळ्या आणि राजधेर–इंद्राई हे तीन पर्याय विचारात घेण्यासारखे आहेत.

तुलना करताना माथ्यांची संख्या किंवा त्यांची उंची हा निकष फसवा ठरतो. सातमाळेत एका माथ्यावरून दुसऱ्यावर धारेने सरळ जाता येईल असे नकाशा पाहून वाटते. प्रत्यक्षात दोन किल्ल्यांमध्ये खोल खिंड असते आणि कमावलेली उंची जवळजवळ पूर्ण गमावून पुन्हा नव्याने चढावे लागते. म्हणून दिवसाच्या मध्यावर किती खाली उतरावे लागते, त्या खिंडीत पाणी किंवा वस्ती आहे का, आणि थकवा आल्यास तिथून रस्त्याला लागता येते का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत असे माझे मत आहे.

या कसोटीवर मार्कंड्या–रवळ्या–जवळ्या हा पर्याय मला सर्वांत समंजस वाटतो. वणीहून बाबापूरमार्गे येणारा रस्ता मुळाणबारी या खिंडीत चढतो. खिंडीच्या एका बाजूला मार्कंड्या आणि दुसऱ्या बाजूला रवळ्या-जवळ्यांचे पठार आहे. म्हणजे अर्धी उंची गाडीनेच गाठली जाते, सकाळी मार्कंड्या करून खिंडीत परतता येते, जादा सामान व पाणी तिथेच ठेवता येते, आणि गटातील कोणाला पुढे जायचे नसेल तर त्याची फारशी गैरसोय होत नाही. मार्कंड्या आधी करावा, कारण त्याची चढण उभी आहे आणि सकाळच्या गारव्यात ती सुसह्य होते. शिवाय माथ्यावरून समोर सप्तशृंगीचा संपूर्ण कडा दिसतो. मार्कंडेय ऋषींनी याच डोंगरावरून देवीला पुराण ऐकवले आणि ते ऐकण्यासाठी देवीने मान किंचित कलती केली, अशी श्रद्धा आहे. गडावर दर्शन घेतलेल्या माणसाने एकदा इथे उभे राहून समोर पाहावे. ती मूर्ती कोणत्या दिशेला कान देऊन आहे हे येथे जितके स्पष्ट होते तितके मंदिरात होत नाही.

दुपारचा टप्पा वेगळ्या प्रकारचा आहे. रवळ्या आणि जवळ्या हे एकाच विस्तीर्ण पठारावर उभे असलेले दोन स्वतंत्र कातळमाथे आहेत, त्यामुळे एकदा पठारावर पोहोचल्यावर दोघांमधील चाल बरीचशी सपाट आहे. पठारावर छोटी वस्तीही आहे. तिथे वाट विचारून घेणे शहाणपणाचे. जवळ्यावर कातळात कोरलेली वाट चढते. रवळ्याच्या माथ्याजवळ मात्र हातपाय लावून कातळ चढावा लागतो, आणि हे काम सवय नसलेल्याने दोराशिवाय करू नये. असा माणूस पठारावरून रवळ्या पाहून जवळ्यावर गेला तरी दिवस अपुरा राहिला असे मला वाटत नाही.

अचला–अहिवंत–मोहनदर हा तिन्हींत सर्वांत कष्टाचा पर्याय आहे. रांगेच्या पश्चिम टोकाकडील अचल्यावरून उतरून अहिवंताला भिडायचे, अहिवंताच्या प्रचंड पठारावरील पडके अवशेष पाहून दरेगावच्या बाजूला खाली यायचे आणि मग मोहनदर चढायचा, म्हणजे तीन पूर्ण चढाया आणि तीन पूर्ण उतराई. मोहनदर, ज्याला शिडका असेही म्हणतात, त्याच्या भिंतीसारख्या कड्याला आरपार भोक पडलेले आहे. देवीने राक्षसाचा पाठलाग करताना हे नेढे पडले अशी कथा परिसरात सांगतात. नेढ्याखालची शेवटची चढण उभी आहे आणि ती नेमकी दिवसाच्या अखेरीस, पाय थकलेले असताना येते. म्हणूनच तिन्ही माथे एका दिवसात जोडण्याचा आग्रह फक्त अशा चालणाऱ्यांनी धरावा, ज्यांना उजाडण्यापूर्वी निघून अंधारापर्यंत चालण्याचा सराव आहे. इतरांनी अहिवंत आणि मोहनदर ही जोडी घ्यावी. अचला वेगळ्या दिवशी केल्यास त्याला न्याय मिळतो.

राजधेर–इंद्राई हा पर्याय रांगेच्या पूर्व टोकाला, चांदवडजवळ आहे. येथे माथे दोनच, पण बघण्यासारखे सर्वांत जास्त. इंद्राईला कातळ खोलवर कापून काढलेली पायऱ्यांची अरुंद वाट आहे आणि तिच्या शेजारी फारसी शिलालेख आहे. १६३६ मध्ये शाहजहानच्या फौजेने या भागातील किल्ले जिंकल्याची आठवण तो जपतो. वर ओळीने खोदलेल्या गुहा, पाण्याची टाकी आणि महादेवाचे मंदिर आहे. राजधेरच्या शेवटच्या कातळटप्प्यावर लोखंडी शिडी असल्याने तो सामान्य चालणाऱ्याच्याही आवाक्यात आला आहे. तरी उंचीची भीती असणाऱ्याने आधी विचार करावा. दोन्ही किल्ल्यांसाठी राजधेरवाडी हा सोयीचा पायथा आहे, आणि पहिला किल्ला करून वाडीजवळ परतल्यावरच दुसरा सुरू होतो, त्यामुळे माघार घेण्याची सोय येथेही आहे. इतिहासात रस असलेल्यांना आणि मुलांना घेऊन जाणाऱ्यांना मी हाच पर्याय सुचवेन. मुलांसोबत मात्र इंद्राई एवढाच ठेवावा.

ऋतूचा विचार तिन्हींना सारखाच लागू आहे. पावसात कोरीव पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि ढगांमुळे वाटा चुकतात, तर मार्चपासून सावलीअभावी उन्हाचा त्रास होतो. सप्टेंबरअखेर ते जानेवारी हा काळ उत्तम. हिवाळा सरत आला की गवत वाळून वणव्याचा धोका वाढतो, म्हणून डोंगरावर चूल किंवा सिगारेट पेटवणे पूर्ण टाळावे. टाक्यांतील पाण्याच्या भरवशावर न राहता प्रत्येकाने किमान तीन लिटर पाणी बरोबर घ्यावे.

प्रवासाच्या दृष्टीने पाहता पहिल्या दोन पर्यायांसाठी वणी हे मुक्कामाचे ठिकाण सोयीचे आहे आणि नाशिकहून तिथे एसटी सहज मिळते. चांदवड तर मुंबई–आग्रा महामार्गावरच आहे. अचला–मोहनदर ही चाल मात्र जिथे सुरू होते तिथे संपत नाही, तेव्हा ती निवडणाऱ्यांनी मोहनदर गावातून परत नेणारे वाहन आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे, आणि अचल्याच्या पायथ्याच्या गावातून माहितगार वाटाड्या त्याची योग्य मजुरी देऊन अहिवंतापर्यंत सोबत घ्यावा.