आधी सिल्डेनाफिल, मग रोजची टाडालाफिल: काही महिन्यांनंतरचा अनुभव

वय पन्नाशीच्या पुढे, मधुमेह जुना. लिंगाला ताठरता नीट न येण्याची तक्रार सुरू झाल्यावर आधी गरजेपुरती सिल्डेनाफिल (व्हायग्रा म्हणतात तीच) घेतली, आणि आता बरेच महिने टाडालाफिल रोज घेतो आहे. दोन्ही गोळ्या काम करतात. तरी एक-दोनदा घेऊन ‘काही उपयोग नाही’ म्हणत सोडून देणारे खूप असतात, आणि बहुतेक वेळा गडबड गोळीत नसून ती घेण्याच्या पद्धतीत असते.

मुळात ही गोळी इच्छा जागवत नाही. उत्तेजना आली की लिंगातल्या नसांमधून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यातून सीजीएमपी नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो तिथले स्नायू सैल करतो. मग रक्त आत भरतं, त्या दाबाने परत जायची वाट आवळली जाते आणि ताठरता येते. पीडीई-५ हे एन्झाइम त्या सीजीएमपीचा फडशा पाडत असतं. गोळी फक्त त्याला अडवते. उत्तेजनाच नसेल तर सीजीएमपी बनतच नाही, मग गोळी वाचवणार काय? त्यामुळे गोळी गिळून नुसतं वाट बघत बसलं तर काही होत नाही. (गंमत म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच्या संशोधनाला नोबेल मिळालं ते १९९८ साली, आणि अमेरिकेत व्हायग्राला मान्यताही त्याच वर्षी. मुळात ते औषध छातीच्या दुखण्यावर, म्हणजे अंजायनावर, तपासलं जात होतं.)

सिल्डेनाफिल मला ५० मिलिग्रॅमने सुरू केली. हलकं जेवण असेल तर पाऊण-एक तासात असर जाणवायचा आणि चारेक तास टिकायचा. तेलकट, तुपकट जेवणावर घेतली की तो तासभर पुढे ढकलला जातो आणि जोरही कमी पडतो. दिवसातून एकच, हा नियम. आता ‘असर झाला नाही’ म्हणून लगेच दुसरी गिळणाऱ्यांना काय म्हणावं! डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की, नीट पद्धतीने सहा-आठ वेळा घेऊन बघितल्याशिवाय निकाल लावायचा नाही.

त्रास म्हणजे चेहरा तापणं, नाक चोंदणं, कधी डोकं ठणकणं. डोस १०० केला तेव्हा बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्सवर निळसर झाक दिसायची. डोळ्याच्या पडद्यात पीडीई-६ नावाचं भावंड असतं, तेही थोडं अडवलं जातं म्हणून. तासा-दोन तासांत ओसरायचं, पण पहिल्यांदा घाबरायला होतं. खरा वैताग मात्र वेळेच्या गणिताचा. एकदा गोळी पोटात गेली की घड्याळ सुरू, आणि बायकोचं बहिणीशी फोनवरचं बोलणं काही संपायचं नाव घेत नाही!

म्हणून डॉक्टरांनी टाडालाफिल ५ मिलिग्रॅम रोज, ठरावीक वेळी सुरू केली. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साडेसतरा तास लागतात, त्यामुळे चार-पाच दिवसांत पातळी स्थिर होते आणि जेवणाचाही फरक पडत नाही. (गरजेपुरती मोठ्या डोसात घेतली तर असर ३६ तासांपर्यंत राहू शकतो.) सुरुवातीला कंबर आणि मांड्या दुखायच्या, ते हळूहळू थांबलं. वाढलेल्या प्रोस्टेटच्या लघवीच्या तक्रारींवरही हीच गोळी देतात. माझं रात्रीचं उठणं कमी झालं, हा बोनस. झोप झालेली नसली, भांडण झालेलं असलं किंवा दारू जास्त झाली असली तर हीदेखील हात टेकते.

गोळी लिहून देण्याआधी डॉक्टरांनी हृदयाबद्दलच जास्त विचारलं. दोन मजले चढून दम लागतो का, छातीत दुखतं का, कुठली औषधं चालू आहेत. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. अडथळा तयार होत असेल तर तो आधी बारीक नळीत जाणवतो. त्यामुळे साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, सकाळचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषांमधलं मुख्य लैंगिक संप्रेरक) सगळं तपासून झालं. गोळी परस्पर घेणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं. मागचा आजार तसाच राहतो.

हृदयविकारासाठी नायट्रेट चालू असेल, मग ती जिभेखालची गोळी असो, स्प्रे असो किंवा रोजची आयसोसॉर्बाइड, तर यातलं काहीही घ्यायचं नाही. रक्तदाब इतका कोसळतो की जिवावर बेतू शकतं. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही. म्हणून छातीत दुखून दवाखान्यात जायची वेळ आली तर लाज बाजूला ठेवून आधी हे सांगा, आणि घरच्यांनाही माहीत असू द्या. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखं औषध चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. जडीबुटीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक पुड्यांत गुपचूप मिसळलेलं सिल्डेनाफिल अनेकदा सापडलं आहे, तेव्हा ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ या भरवशावर राहू नका. चार तासांहून जास्त ताठरता टिकली किंवा अचानक दिसायचं वा ऐकू यायचं कमी झालं, तर सकाळची वाट न बघता तडक दवाखाना गाठायचा.

मला रोजचीच जास्त मानवली, कारण वेळ बघत बसावं लागत नाही. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळीच गरज असेल तर रोज औषध घ्यायचं कारण नाही, सिल्डेनाफिल पुरेशी आहे. सध्या मी ५ मिलिग्रॅमवर आहे. साखर आटोक्यात राहिली तर अडीचवर येता येतं का, ते पुढच्या तपासणीत विचारणार आहे.