मल्टिट्रॅक रेकॉर्डर ८ महिने वापरला, फाइली कॉम्प्युटरवर उतरवण्याचा अनुभव

गेल्या चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवडाभर आधी हा रेकॉर्डर घेतला, प्रत्येक माइकचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर टिपणारा. गोव्यात माशेलला आमच्या वाड्यावर घुमट आरत्या होतात (घुमट म्हणजे मातीच्या मडक्याचं तालवाद्य), घुमटाला २०१९ मध्ये गोवा सरकारने वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, पण आमच्याकडच्या चाली अजून चार-पाच म्हाताऱ्यांच्या तोंडीच आहेत, त्या नीट टिपून ठेवायच्या एवढ्यासाठीच हा खर्च. तीन घुमटं, शामेळ (काठीने वाजवायचं तालवाद्य), पेटी आणि गाणारे, असे ६ माइक. आवाज एकदम मस्त, शामेळाची काठी आणि घुमटाचा घुमारा वेगवेगळा ऐकू येतो.

त्रास आहे तो पुढे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) ६ ट्रॅक म्हणजे तासाला ३ जीबीच्या वर. माझा रेकॉर्डर सगळे ट्रॅक एकाच वेव्ह फाइलमध्ये घालतो आणि २ जीबी झाली की फाइल तोडतो, म्हणजे साधारण दर ४१ मिनिटांनी. दोन तासांच्या रेकॉर्डिंगच्या तीन फाइली होतात. एकदा जोड नेमका आरतीच्या मध्यावर आला, घुमटावर थाप पडली पहिल्या फाइलच्या शेवटी आणि तिचा घुमारा दुसऱ्या फाइलच्या सुरुवातीला! तसं गेलेलं काही नसतं, ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकमेकांना चिकटवून लावल्या की जोड कळत नाही, फक्त मधे जरासुद्धा जागा सोडायची नाही.

यूएसबी केबलने कॉपी करायला अर्धा तास जायचा. कार्ड काढून थेट रीडरमध्ये घातलं तर दोन-तीन मिनिटांत काम. केबल आता खोक्यातच पडून असते.

आणि कट-पेस्ट कधीच करू नका, हे मी हात जोडून सांगतो. चवथीच्या तिसऱ्या दिवशी मी तेच करत होतो आणि लायट गेली. पहिली फाइल कॉम्प्युटरवर दिसत होती पण उघडेना, कार्डावरून तर गेलेलीच, आणि तिच्यात आमच्या थोरल्या काकांनी एकट्याने म्हटलेली आरती होती. त्या रात्री मला झोप नाही. कार्डावर नंतर काही रेकॉर्ड केलं नव्हतं म्हणून फोटोरेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने फाइल परत मिळाली, नुसता फॉरमॅट मारला असता आणि नवीन काही भरलं असतं तर संपलंच होतं.

उलट नेताना, म्हणजे कॉम्प्युटरवरून रेकॉर्डरवर, सॅम्पल रेट (तेच किलोहर्ट्झ) बघा. ४८ ची फाइल ४४.१ धरून वाजली की सगळं हळू आणि खाली, काळी दोनमधली पेटी काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी, तिच्याबरोबर गाणार कोण?

आता मी ३२ जीबीची दोन कार्डं ठेवतो, एकात १० तास बसतात. कॉपी, मग प्रत्येक फाइल सुरुवात-मध्य-शेवट ऐकायची, मग दुसऱ्या हार्डडिस्कवर. कार्ड महिनाभर पुसत नाही.