पगार ठरवून जमलेलं लग्न : ‘निगेहाजी’

‘निगेहाजी’ या जपानी मालिकेत नायक-नायिकेची पहिली खरी बोलणी होतात ती पगारावर. तो तिला देणार महिना १ लाख ९४ हजार येन. त्यात स्वयंपाक, धुणीभांडी, साफसफाई, आणि जगाला दाखवायला एक लग्न, ज्याची सरकारदरबारी नोंद नाही. मी नोकरीभर लोकांची पगारपत्रकं केली. प्रेममालिकेच्या पहिल्याच भागात असा रोखठोक आकडा आला म्हटल्यावर मी सावरूनच बसले.

‘निगेरु वा हाजी दा गा याकु नी तात्सु’ (पळून जाणं लाजिरवाणं, पण उपयोगी) हे मालिकेचं पूर्ण नाव. जपानमध्ये सगळे नुसतं ‘निगेहाजी’ म्हणतात. २०१६ मध्ये ऑक्टोबर ते डिसेंबर टीबीएस वाहिनीवर दर मंगळवारी रात्री १० वाजता लागायची. ११ भाग, की संपली. जपानी मालिकांची ही सवय मला फार आवडते. तिमाही भरली की गाशा गुंडाळायचा, उगाच सासूबाईंना कोमातून उठवायचं नाही.

मिकुरी (युई आरागाकी) मानसशास्त्रात पदव्युत्तर शिकलेली, पण हाती होतं ते कंत्राटी काम, आणि तेही जातं. मग वडिलांच्या ओळखीने ती त्सुझाकी (गेन होशिनो) नावाच्या सिस्टिम इंजिनिअरकडे आठवड्यातून एकदा साफसफाईला जाऊ लागते. पस्तिशीतला हा गृहस्थ आजवर कुणाच्या प्रेमात पडलेला नाही आणि स्वतःला ‘व्यावसायिक अविवाहित’ म्हणवतो. मिकुरी त्याच्या खिडकीची जाळी साफ करते, आणि ते त्याच्या लक्षात येतं. जाळी स्वच्छ झाली, खोलीत उजेड वाढला, असं तो तिला सांगतो. ना कौतुकाचा वर्षाव, ना पार्श्वसंगीताचा पूर. पण घरातलं काम करणाऱ्या माणसाला ‘मला दिसलं बरं का’ एवढं ऐकायला मिळणं म्हणजे काय, ते तिच्या चेहऱ्यावर नीट वाचता येतं. माझ्या मते प्रेमाची सुरुवात तिथेच झाली. पुढची मिठी, चुंबन वगैरे नंतरची कामं.

मिठ्यासुद्धा वेळापत्रकाप्रमाणे! लोकांना संशय येऊ नये म्हणून दर मंगळवारी मिठी मारायची, असा करार होतो. दोघंही दात घासायच्या गंभीरपणाने हे उरकतात. मी इतकी हसले की थांबवून पुन्हा लावावं लागलं.

मालिकेचा कणा मात्र दहाव्या भागात आहे. आता दोघांचं खरोखर प्रेम जमलंय आणि त्याची नोकरी जाणार आहे. तो तिला महागड्या रेस्टॉरंटमध्ये नेतो आणि रीतसर लग्नाची मागणी घालतो. सोबत हिशेब: नोंदणी केली तर तिचा पगार वाचेल, तेवढी शिल्लक पडेल. आकडेमोड बिनचूक. मिकुरी शांतपणे विचारते, म्हणजे प्रेम आहे म्हणून काम फुकट? हे प्रेमाचं शोषण झालं. प्रेममालिकेत हा प्रश्न नायिकेने नायकाच्या तोंडावर, अन् तोही मागणी घातली जात असताना विचारलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आणि गंमत म्हणजे तो वाईट माणूस नाही, हे तिलाही माहीत आहे आणि आपल्यालाही. म्हणून तर जास्त लागतं. शेवटच्या भागात दोघं ‘सहव्यवस्थापक’ होऊन घराच्या बैठका घेतात. त्यातही भांडणं होतात, ती न्हाणीघरात कोंडून घेते आणि तो दाराबाहेरून बोलत राहतो. अकिको नोगींची पटकथा इथे एकही सोपी पळवाट घेत नाही.

तक्रारी आहेत. सहाव्या ते आठव्या भागात त्सुझाकीचं बुजणं ताणलंय. ट्रेनमधल्या त्या चुंबनानंतर काही घडलंच नाही असं तो वागतो, तेव्हा त्याला हलवून जागं करावंसं वाटतं. मिकुरीच्या दिवास्वप्नांत जपानी टीव्ही कार्यक्रमांची विडंबनं येतात. मूळ कार्यक्रम माहीत नसले तर निम्मे विनोद डोक्यावरून जातात. सबटायटल्स तिथे हात टेकतात.

मिकुरीच्या युरी मावशीसाठी (युरिको इशिदा) मात्र सगळं माफ. एकोणपन्नास वर्षांची, अविवाहित, सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत अधिकारी. वयावरून टोमणा मारणाऱ्या तरुण मुलीला ती न चिडता सुनावते, की तू ज्याला हसतेस ते तुझंच उद्याचं वय आहे. असल्या शापांपासून पळ. हा प्रसंग मी दोनदा पाहिला, आणि दुसऱ्यांदा एकटीने.

प्रत्येक भागाच्या शेवटी येणारा ‘कोई’ (म्हणजे प्रेम) या गाण्यावरचा नाच बघायला विसरू नका. तोक्योतल्या अमेरिकन दूतावासाच्या लोकांनी, तेव्हाच्या राजदूत कॅरोलाइन केनेडींसकट, त्यावर नाचून व्हिडिओ काढला होता. प्रेक्षकही शेवटपर्यंत वाढतच गेले: कांतो प्रदेशात (तोक्यो आणि आसपास) पहिल्या भागाचा टीआरपी १०.२ टक्के, अखेरच्याचा २०.८. आरागाकी आणि होशिनो यांनी २०२१ मध्ये खरंच लग्न केलं. त्यामुळे आता पाहताना त्यांच्या अवघडलेपणाकडे जरा वेगळ्याच नजरेने बघितलं जातं.

२०२१ च्या २ जानेवारीला एक विशेष भाग आला: गरोदरपण, वडिलांची बालसंगोपन रजा, नवरा-बायकोला एकच आडनाव घ्यायला लावणारा जपानी कायदा, आणि शिवाय कोविड. एवढं सगळं एका भागात कोंबल्यामुळे तो मधूनमधून सरकारी माहितीपटासारखा वाटतो. अकरा भाग पाहून झाल्यावर दोन-चार दिवस जाऊ द्या, मग बघा. रडायचंच असेल तर दुसरी मालिका शोधा. घरकामावरून ज्यांचं घरात वाजतं, त्यांनी ही जोडीने बघावी. दहावा भाग संपल्यावर टीव्ही लगेच बंद करू नका, बोलणं निघेल.