पावसाळाभर ओटीजीत कणसे भाजल्यानंतर

ओटीजीचा (ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे विजेची छोटी भट्टी) तापणारा वरचा रॉड ऐन जुलैत बंद पडला आणि वॉरंटीत असूनही त्यासाठी सर्व्हिस सेंटरशी वाद घालावा लागला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आमचा ओटीजी 30 लिटरचा आणि 1600 वॉटचा आहे. केक-बिस्किटांविषयी भरपूर लिहिले गेले असल्याने इथे फक्त मक्याच्या कणसांबद्दल सांगणार आहे.

गॅसवर एका वेळी एकच कणीस भाजता येते, आणि तेवढा वेळ कोणीतरी चिमटा घेऊन उभे राहावे लागते. ओटीजीत चार कणसे एकदम बसतात. सोललेल्या कणसांना तेलाचा हात लावून वरच्या खणातल्या जाळीवर ठेवले आणि 230 अंशांवर दोन्ही रॉड चालू ठेवले, की साधारण वीस मिनिटांत दाण्यांवर तपकिरी डाग दिसू लागतात. तक्रार आहे ती दाराकडच्या भागाची. मागची टोके खरपूस होतात तेव्हा काचेजवळची टोके फिकट पिवळीच असतात. कणसे आडवी ठेवून पाहिली, तर मागचे कणीस तयार आणि पुढचे अर्धे कच्चे. फिरवण्यासाठी दार उघडावे, तर आतली धग बाहेर जाते आणि वेळ आणखी वाढतो. एवढे पैसे मोजून घेतलेल्या यंत्रात उष्णता सगळीकडे सारखी लागावी, ही अपेक्षा मला अजिबात अवाजवी वाटत नाही.

रॉड गेल्यावर सर्व्हिस सेंटरचे म्हणणे असे पडले की मक्याच्या पाण्याने तो बिघडला, म्हणून वॉरंटी लागू होणार नाही. वॉरंटी कार्डावर वगळलेल्या वस्तूंत काच, ट्रे आणि आतला दिवा एवढेच होते, आणि माहितीपुस्तिकेत तर भाज्या नि चिकन भाजण्याच्या कृती छापलेल्या होत्या. ती दोन्ही पाने समोर ठेवल्यावर रॉड फुकट बदलून मिळाला, पण व्हिजिट चार्ज घेतलाच. तो घेणे अन्यायाचे होते, असे माझे आजही मत आहे.

मधल्या काळात फक्त खालचा रॉड चालत होता, आणि तेव्हाच कणसे भाजण्याच्या पद्धतीविषयी माझे मत बदलले. कणसे पाल्यासकट मधल्या खणात, 200 अंशांवर, सुमारे चाळीस मिनिटे ठेवली. टोकाचे वाळलेले केस आणि सुकी पाने आधी कात्रीने काढावी लागतात, नाहीतर ती करपून घरभर धूर होतो. हिरवा पाला वाळल्या गवताच्या रंगाचा झाला की कणीस तयार. मग पाला खाली ओढताच दाण्यांच्या रांगांत अडकलेले ते चिवट केस पाल्याबरोबरच निघून येतात. कच्चे कणीस सोलताना तेच एकेक करून वेचावे लागतात. दाणा टच्च फुगलेला असतो, दाताखाली गोड रस येतो. हे खरे तर स्वतःच्याच वाफेवर शिजणे आहे, त्यामुळे त्याला भाजल्याचा वास नसतो. रॉड बदलल्यापासून मी आधी पाल्यात शिजवून, मग सोलून वरच्या रॉडखाली सहा-सात मिनिटे ठेवण्याची पद्धत धरली आहे, आणि तिखट-मीठ-लिंबू लावलेले ते कणीस घरात सर्वांना आवडते.

हे सगळे स्वीट कॉर्नला लागू आहे. त्यात साखर जास्त असल्याने रंग लवकर चढतो. मात्र तोडल्यापासून त्या साखरेचा स्टार्च होत जातो, म्हणून कणसे आणली त्याच दिवशी भाजावीत. गावठी मका ओटीजीत चिवट होतो. त्याला निखाराच हवा, आणि सिंहगडावर पावसात मिळणाऱ्या कणसाची चव या यंत्रातून मिळणार नाही.

विजेचे म्हणाल, तर दोन्ही रॉड सलग तासभर चालले तर 1.6 युनिट जाते. तापमान राखणारा थर्मोस्टॅट रॉड मधूनमधून बंद करत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. तरीही महिन्याला 100 युनिटांची पायरी ओलांडली की दर चढतो, म्हणून एकट्या कणसासाठी मी ओटीजी लावत नाही. चार असतील तरच. नवीन घेणाऱ्यांनी वरचा आणि खालचा रॉड वेगवेगळा चालू करता येतो का, हे दुकानातच पाहावे, आणि रॉडची वॉरंटी बिलावर लिहून घ्यावी.